कोल्हापुरात रूम बघताय? आधी विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं

कोण बसमध्ये असेल, कोण भांडी घासत ऐकत असेल, कोण लंच ब्रेकमध्ये. जिथं असाल तिथं आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषय पैशाचा आहे आणि झोपेचाही.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा विदर्भातला. म्हणाला, "ताई, मला शिरोली एमआयडीसीत नोकरी लागलीय. पंधरा दिवसांत जॉइन व्हायचंय. अ‍ॅपवर एक रूम दिसतेय. ग्राउंड फ्लोअर, भाडं कमी, नदी जवळ, मोकळी हवा. मालक म्हणतायत आज टोकन टाका, नाहीतर जाईल. टाकू का?"

मी तो मेसेज दोनदा ऐकला. कारण २०२१ च्या जूनमध्ये मी अगदी हेच केलं होतं. फक्त तेव्हा मला विचारायला कोणी नव्हतं. म्हणून आजचा भाग त्याच्यासाठी, आणि कोल्हापुरात नव्याने येणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी माझं सांगते, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी आलं होतं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेलं पाणी. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. आमच्या घरात तेव्हा आंघोळीचं पाणी बादलीत धरून तेच संडासात ओतायचो. अशा घरातली मुलगी नोकरीला कोल्हापुरात येते आणि रूम बघायला जाते. मालकीणबाई नळ सोडून दाखवतात. धो धो पाणी! मी खिडकी बघितली नाही, जिना बघितला नाही, भिंत बघितली नाही. नळ बघितला आणि डिपॉझिट दिलं.

ती रूम होती शाहूपुरीच्या खालच्या अंगाला, जयंती नाल्यापासून दोन गल्ल्या अलीकडे. तळमजला. भाडं पाच हजार. स्टेशन जवळ, मध्यवर्ती बसस्थानक जवळ, ताराराणी चौकातून गाडी काढली की तावडे हॉटेल, तिथून हायवे, पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली. वीस-बावीस मिनिटांत कंपनीच्या गेटवर. मला वाटलं, लॉटरी लागली.

आता कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला सपाट शहर वाटतं. महाबळेश्वरसारखे घाट नाहीत, पन्हाळ्यासारखी चढण नाही. गाडीवर फिरताना तर काहीच जाणवत नाही. पण एकदा सायकल घेऊन शाहूपुरीतून राजारामपुरीत, तिथून सायबर चौक, मग शिवाजी विद्यापीठ आणि पुढे आर. के. नगर असं जाऊन बघा. पायाच्या पोटऱ्या सांगतील की हे शहर उतारावर बसलंय. दक्षिण आणि पूर्वेकडे माळ, टेंबलाईची टेकडी, विद्यापीठाचा उंच भाग. उत्तर आणि पश्चिमेकडे नदी. आणि त्या उंच भागातलं पाणी नदीकडे नेणारे नाले शहराच्या मधून.

आता हा मुद्दा नीट ऐका, कारण माझी फसगत इथंच झाली. मी मनात म्हणायचे, नदी कुठं, मी कुठं. नकाशावर अंतर दिसत होतंच की. पण पूर नदीतून चालत तुमच्या दारात येत नाही. पंचगंगेची पातळी वाढली की नाल्याचं पाणी नदीत शिरायचं थांबतं. मग नदीचं पाणी नाल्यातून उलटं आत येतं. म्हणजे नदीपासून लांब, शहराच्या ऐन मध्यात, नाल्याकाठच्या गल्लीत पाणी चढतं. म्हणून व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, दसरा चौकाजवळचा भाग, शाहूपुरीची कुंभार गल्ली ही नावं दर पुरात बातम्यांत येतात. नदीपासून किती लांब यापेक्षा किती उंच, हे महत्त्वाचं.

कोल्हापूरकरांचं पावसाळ्यातलं मीटर म्हणजे राजाराम बंधारा. कसबा बावड्याजवळ आहे. तिथं ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. जुलै लागला की इथली माणसं क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारतात, "किती झालं?" "एक्केचाळीस." "राधानगरीचं दार उघडलं का?" राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की आपोआप उघडतात. मला सुरुवातीला हे सगळं गंमतच वाटायचं. आमच्याकडे धरण भरलं म्हणजे पेढे वाटायची बातमी!

२०२१ च्या जुलैचा तिसरा आठवडा. पाऊस थांबायचं नावच घेईना. माझ्या गल्लीजवळ गणपतीच्या मूर्ती बनवणारी कुंभारांची घरं. गणपती दीड महिन्यावर आलेले, मूर्ती अर्ध्या झालेल्या. गुरुवारी संध्याकाळी कंपनीतून आले तर ते लोक मूर्ती उचलून टेम्पोत भरत होते. मी छत्री धरून बघत उभी. वरून मालकीण काकू ओरडल्या, "अगं पोरी, बघत काय बसलीयास? त्येंनी मूर्ती हलवल्या म्हणजे पाणी येणारच. सामान उचल की!"

मी म्हटलं, "काकू, अजून नाला तर खालीच आहे."

"रात्रीत येतंय ते. सांगून येत न्हाई."

मी गादी, कपडे, लॅपटॉप, कागदपत्रं वर नेली. कपाट, गॅस, फ्रिज राहिला. फ्रिज सेकंडहँड घेतलेला, एक महिन्यापूर्वी. पहाटे चारला काकूंनी उठवलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाणी होतं. काळं, शांत, आवाज न करता चढणारं. मला वाटायचं पूर म्हणजे लाटा, आवाज, धावपळ. तसं काही नव्हतं. दर अर्ध्या तासाने एक पायरी कमी होत होती.

सकाळी तालमीची पोरं आली, त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. काकू त्यांच्या भावाकडे गेल्या, मी राजारामपुरीत एका मैत्रिणीकडे. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५६ फुटांपर्यंत गेली. म्हणजे धोका पातळीच्या तेरा फूट वर! त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फूट ओलांडलं होतं.

काकूंचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. त्या म्हणाल्या, "२००५ ला उंबऱ्याला लागून थांबलं हुतं गं. म्हणून वाटलं हितनं वर येत न्हाई." २००५ ची खूण धरून खूप लोकांनी घरं बांधली, भाड्याने दिली. २०१९ ने ती खूण पुसली आणि दोन वर्षांत २०२१ ने पुन्हा तेच केलं. २०२४ च्या जुलैतही धोका पातळी ओलांडली गेली. म्हणून कोणी म्हणालं, "तसा पूर आता शंभर वर्षांनी", तर हसून पुढची रूम बघा.

पाणी उतरल्यावर मी परत गेले. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर रेघ. फ्रिज आडवा पडलेला, कपाटाचं प्लायवूड फुगून पुस्तकासारखं उघडलेलं. तीन दिवस चिखल काढला. डिपॉझिट काकूंनी पूर्ण परत दिलं, स्वतःचं एवढं नुकसान झालेलं असताना. मला लाज वाटली घ्यायची, पण घेतले, कारण खिशात काही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, उंचावर जायचं, विषय संपला. मी पण तसंच ठरवलं. दुसरी रूम घेतली थेट आर. के. नगरला. विद्यापीठाच्या पलीकडे, माळावर, दुसरा मजला. रात्री खाली सगळ्या शहराचे दिवे दिसायचे. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, "बघ, इथं पाणी येणार नाही." आई लातूरची, ती काय म्हणाली माहितीये? "नळाला येतं का?"

आईचा प्रश्न बरोबर निघाला. आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, उजळाईवाडी हा सगळा पट्टा शहराला चिकटलेला असला तरी महापालिकेच्या हद्दीत नाही, ग्रामपंचायतींचा आहे. हद्दवाढीचा वाद कोल्हापुरात जुना आहे, त्यात आज नको पडायला. पण भाडेकरूसाठी त्याचा अर्थ साधा. पाणी कुठून येतं, कचरा कोण नेतं, रस्त्यावर दिवा कोणाचा, हे प्रत्येक कॉलनीत वेगळं. माझ्या बिल्डिंगला उन्हाळ्यात टँकर लागायचा आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये वेगळा. हे भाडं ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

बरं, एक गंमत सांगते. गंमत म्हणजे, दुःखाची गंमत. पूर आला की उंचावरच्यांचंही पाणी जातं! शहराला पाणी उचलून देणारी पंपिंग स्टेशनं नदीकाठी. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी. ती पुरात बुडाली की पंप बंद. २०१९ आणि २०२१ ला शहरात सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे, अशी कित्येक दिवस अवस्था होती. मैत्रिणीकडे राजारामपुरीत आम्ही टँकरच्या रांगेत कळश्या घेऊन उभ्या होतो. लातूरची मी, कोल्हापुरात, ऐन महापुरात, टँकरच्या रांगेत! काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ मध्ये पुईखडीच्या केंद्रापर्यंत पोहोचलं. तरीही रूम बघताना टाकी किती लिटरची आणि किती घरांत, हे विचाराच.

आता येऊ प्रवासाकडे. आर. के. नगरहून शिरोली म्हणजे मला एका बाजूला बारा किलोमीटर पडायचं. हिशोब करू. रोज चोवीस, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. माझी गाडी पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे चौदा लिटर. लिटरला एकशे पाच धरा, जवळपास साडेचौदाशे रुपये. नंतर मी राजारामपुरीच्या बाजूला आले, तिथून नऊ किलोमीटर. महिन्याला अकराशे रुपये. फरक फक्त साडेतीनशेचा! मग मी एवढी वैतागले का होते?

कारण फरक वेळेचा आणि रात्रीचा होता. एका बाजूला दहा मिनिटं जास्त, म्हणजे दिवसाला वीस. महिन्याला होतात जवळपास नऊ तास. एक अख्खी शिफ्ट मी पगाराविना गाडीवर करत होते. आणि सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेअकराला चढावर, वळणावर, एकटी. गाडी पंक्चर झाली तर? केएमटीची बस त्या वेळी नाही. वडाप नाही. रिक्षावाले मामा म्हणायचे, "ताई, वर येतो, पण येताना मोकळी येती गाडी, जादा द्या." त्यांचंही चूक नाही. पण महिन्यातून चार वेळा हे झालं की स्वस्त रूम महाग पडते.

ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी: माणसं भरली की निघणारी शेअर जीप. आमच्या भागातली काळीपिवळी समजा. दिवसा खूप उपयोगी, पण भरल्याशिवाय निघत नाही. नऊच्या शिफ्टला वडापच्या भरवशावर राहू नका.

एकदा मी वाचलं, बोलिव्हियात ला पाझ नावाचं शहर आहे. तिथं वरच्या पठारावर एल आल्तो आहे, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर. कामाला खाली यायचं तर घाटातून तासन्‌तास. २०१४ पासून तिथं केबल कार सुरू झाली, पर्यटकांसाठी नाही, रोजच्या नोकरदारांसाठी. तेव्हा कळलं की चढ-उताराच्या शहरात घर किती उंच, एवढाच प्रश्न नसतो. त्या उंचीवरून खाली-वर करायची सोय काय, हा त्याच्याइतकाच मोठा प्रश्न असतो. आपल्याकडे केबल कार नाही. म्हणून घर निवडतानाच डोकं चालवायचं.

तर मग कुठं राहायचं? माझं म्हणणं, घरापासून सुरुवात करू नका, कामापासून करा. तुमचं ऑफिस नदीच्या कुठल्या बाजूला आहे?

काम गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत असेल, तर शहराच्या दक्षिण-पूर्वेला घर घ्या. राजारामपुरीची वरची बाजू, सायबर चौक, उजळाईवाडी. मध्ये पंचगंगा येत नाही. पुरातही बहुतेक वेळा तुम्ही पोहोचाल.

काम शिरोलीत असेल, माझ्यासारखं, तर शहरात कुठंही राहा, पंचगंगा ओलांडावीच लागते. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद होता. पेट्रोलला रांगा, दूध नाही, भाजी नाही. तेव्हा दोनच मार्ग. पलीकडे राहा, नाहीतर अलीकडे राहून मान्य करा की वर्षातले काही दिवस कामावर जाता येणार नाही. कंपनीत आधीच विचारा, पुरात सुट्टी पगारी की बिनपगारी. मी हे मुलाखतीत विचारलं नव्हतं. नंतर कळलं आणि चार दिवसांचा पगार गेला.

पश्चिमेकडे जाणार असाल, म्हणजे शाळेत, दवाखान्यात, बँकेच्या शाखेत वगैरे, तर लक्षात ठेवा, गगनबावडा रस्ता आणि रत्नागिरी रस्त्यावरचं केर्ली, ही ठिकाणं पावसाळ्यात लवकर बंद होतात. आणि कोणी म्हणेल, पन्हाळ्यावरच राहतो, धुकं, हवा, रील बनवायला मस्त. वीस किलोमीटर तर आहे. राहा की! पण २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता, हे माहीत असू द्या.

पेठांचं विचाराल, तर शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे खरं कोल्हापूर. तालीम, कट्टा, मिसळ, सकाळी दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध. फुटबॉलचा सीझन असला की शाहू स्टेडियममधला आरडाओरडा घरात ऐकू येतो. एकटीला तिथं सुरक्षित वाटतं, कारण तुम्ही किती वाजता आलात हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं. हा फायदा आहे की तोटा, ते तुमचं तुम्ही ठरवा! पण गाडी लावायला जागा नाही आणि रविवारी, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी. पेठांतही गंगावेश, पंचगंगा घाटाकडची बाजू खाली आहे, तिथं पुराचं विचारून घ्या.

आता कसं तपासायचं, ते सांगते. मालकाला आणि एजंटला "इथं पूर येतो का?" असं विचारू नका. ते "नाही हो" म्हणतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा, पाण्याची बाटली घ्या आणि विचारा, "मामा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" येतं का हे विचारायचं नाही, कुठवर आलं ते विचारायचं. माणूस हात वर करून दाखवतो. इथं प्रत्येकाला ती रेघ पाठ आहे. दुधवाल्याला विचारा, रिक्षावाल्या मामांना विचारा. भिंतीचा खालचा रंग नवा आणि वरचा जुना दिसतोय का बघा.

दुसरं, पूररेषा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर विकत घेणार असाल तर हे तपासल्याशिवाय सही करूच नका. भाड्याने घेणार असाल तर फोनवर गुगल अर्थ उघडा, जागेवर बोट ठेवा, उंची दिसते. आकडा अगदी अचूक नसतो, पण तुमची गल्ली आणि नाला यात किती फरक आहे, त्याचा अंदाज येतो.

तिसरं, रूम रविवारी दुपारी बघू नका. सोमवारी सकाळी साडेआठला बघा आणि तिथून कामाच्या ठिकाणी स्वतः गाडी चालवत जा. शक्य असेल तर एकदा पाऊस चालू असताना. स्टेशनजवळचा परीख पूल, रेल्वेखालचा तो रस्ता, जोराचा पाऊस झाला की तुंबतो. ज्याचा रोजचा रस्ता तिथून आहे त्याने दुसरा रस्ता शोधून ठेवायचा. आणि एकदा रात्री अकरालाही जाऊन बघा. दिवे आहेत का, कुत्री किती आहेत, पानपट्टी उघडी असते का.

मी आता राजारामपुरीच्या वरच्या गल्लीत राहते, पहिल्या मजल्यावर. भाडं साडेसात हजार, पहिल्यापेक्षा अडीच हजार जास्त. पण फ्रिज दुसऱ्यांदा घ्यावा लागलेला नाही. काकूंकडे दर गौरी-गणपतीला जाते. त्यांनी तळमजला आता भाड्याने द्यायचा नाही असं ठरवलंय. म्हणाल्या, "परक्याच्या लेकीला पाण्यात उभं करायचं पाप नको." त्या पाच हजारांवर त्यांची औषधं भागायची, हे मला माहीत आहे.

आणि तो विदर्भातला मुलगा? त्याला मी एवढंच सांगितलं, टोकन टाकू नको, एक दिवस लॉजवर राहा आणि दुकानात विचार. परवा त्याचा मेसेज आला, तोही व्हॉइस. "ताई, दुकानदाराने हात डोक्याच्या वर नेला. मी तिथूनच मागे फिरलो." त्याने शिरोलीच्याच बाजूला, नदीच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर रूम बघितलीय. मित्रांपासून लांब पडतो म्हणून थोडा नाराज आहे. पण जुलैत मला फोन करेल, मला खात्री आहे.

तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, ते मला व्हॉइस मेसेजने सांगा. गल्लीचं नाव, वर्ष आणि पाणी कमरेएवढं होतं की डोक्याएवढं, एवढंच. पुढच्या एखाद्या भागात ते सगळं एकत्र वाचून दाखवीन. नव्याने येणाऱ्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पावसाळ्यात चार्जर वरच्या फळीवर ठेवा!